शेजारचं घर बंद हाय

भागीवहिनीचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि माझा तिच्यावर. याच एका गोष्टीवर आमचा शेजार इतकी वर्षं टिकला. एकमेकांवर विश्वास टाकणारे शेजारी मी बांधावरून डोकी फोडताना पाहिलेत. आमचं तसं कधी झालं नाही. ती आपल्या दाराला कडी लावून मगच माझ्याशी बोलायला यायची, आणि मी बोलता बोलता तिच्या परसात काय वाळत घातलंय ते बघून घ्यायचो.

माझं सोडा, मी एसटीत कंडक्टर होतो. महाड आगारात उभी हयात गेली. समोरचा माणूस काय खोटं बोलणार याचा आधी अंदाज घ्यायचा आणि मग तिकीट फाडायचं, ही आमची रीत. अर्धं तिकीट मागणाऱ्या पोराची मी आधी मिसरूड बघायचो आणि मग आईचं तोंड. निवृत्त झालो आणि तुडीलच्या अलीकडे सावित्रीच्या काठाला आमचं गाव आहे तिथे येऊन ओटीवर बसलो. खांद्यावरची पिशवी गेली, नजर तेवढी राहिली. पण वहिनीला कुठे कुणी कंडक्टर केलं होतं? ती जन्मजात संशयी. अंडं घेतलं की पाण्यात सोडून बघणार. नारळ घेतला की या कानाशी हलवणार, मग त्या कानाशी हलवणार, आणि तरी म्हणणार, "आतनं कसा निघतो ते फोडल्याबिगर कळायचं नाय." डॉक्टरला म्हणायची, "सुई नवी काढ. माझ्यासमोर काढ." देवळातला प्रसादसुद्धा आधी नाकाशी नेऊन मग तोंडात.

अंगानं काटक, लुगडं कायम गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाला खाडीचा चिखल. नवरा काविळीनं लवकर गेला. एकुलती एक लेक, सुनीता. थोडी भातशेती, आणि खाडीत धरलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. चिंबोऱ्या धरण्यात तिचा हात धरणारा बापय आमच्या गावात झाला नाही. ओहोटी लागली की लोखंडी आकडा घेऊन कांदळवनात शिरायची, बिळात हात घालायची आणि आतल्या चिंबोरीला दम भरायची, "ये गो भवाने, किती वेळ बसशील?" ती भवानी निमूट बाहेर यायची. महाडच्या बाजारात चांगल्यातल्या विकायच्या, नांगी तुटलेल्या घरी आणायच्या, आणि संध्याकाळी भाजल्या खोबऱ्याचं वाटण लावून असा रस्सा करायचा की आळीभर माणसं आपापल्या ताटातल्या पिठल्यावर चिडायची. पण कधी शेजाऱ्याला एक नांगी दिली असेल तर शपथ! आमची मंडळी म्हणायची, "भागीबायच्या घरचा निसता वासच आपला, बाकी सगळा तिचा."

एकदा माझ्याच गाडीत तिनं चिंबोऱ्यांची टोपली पदराखाली घालून आणली. ओला माल गाडीत चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. दासगावच्या पुढे एक चिंबोरी सुटली आणि तिनं पुढच्या सीटवरच्या एका गुरुजींचा अंगठा धरला. गुरुजी किंचाळले, बाया सीटवर चढल्या, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मी विचारलं, "वहिनी, ही तुमची ना?"

"माझी नाय."

"मग कुणाची?"

"तिलाच इचारा."

आणि खिडकीबाहेर बघत बसली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पदराखालून दुसऱ्या चिंबोरीची नांगी बाहेर येऊन हालत होती, ती मला दिसत होती, मला दिसतेय हे तिला दिसत होतं. तरी नाही म्हणजे नाही. बाईमाणूस इतकं ठार खोटं इतक्या शांतपणे बोलू शकतं हे मी त्या दिवशी मनात नोंदवून ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

आता तिच्या पलीकडच्या घराबद्दल सांगतो. आमच्या आळीत टोकाला दोन घरं एका भिंतीची आहेत. एक भागीवहिनीचं आणि दुसरं सामाजीभाऊंचं. सामाजीभाऊ म्हणजे बेने इस्राएल, यहुदी. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा त्यांचा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्या अंगणात घाण्याचा दगड अजून पडलेला आहे. माझ्या लहानपणी त्यांची आळीत चार घरं होती. मग कुणी मुंबईला, कुणी इस्राएलला, अशी एकेक दारं लागत गेली. सामाजीभाऊ नोकरीसाठी ठाण्याला गेले, मुलगा त्याहून लांब इस्राएलला गेला. बायको रिबकाबाई वारली तिला मात्र इथे आणून त्यांच्या जुन्या दफनभूमीत पुरली. त्यानंतर भाऊ वर्षातून एकदा यायचे, कबरीवरचं गवत काढायचे, आणि जाताना घराची किल्ली वहिनीकडे द्यायचे. जगात कुणावर भरवसा न ठेवणारी बाई ती किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बांधून ठेवायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, सोनं आहे काय आत?" तर म्हणाली, "सोनं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं व्हय?"

त्या दोन घरांमधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. जुन्या काळी एका घरचा विस्तव विझला की दुसऱ्या घरातून त्यातूनच निखारा घ्यायचा, दिव्याला तेल घ्यायचं. बाळंतपणात वहिनीला रिबकाबाईनं त्यातूनच गरम तेलाची वाटी दिलेली. पुढे घर बंद पडलं तेव्हा उंदीर येतात म्हणून तो कोनाडा मातीनं लिंपून टाकला. तो आम्ही सगळे विसरून गेलो होतो.

मग ती टाळेबंदी आली.

त्या दिवसांबद्दल शहाणपणानं बोलणं आता सोपं आहे. तेव्हा मुंबईहून येणाऱ्या बातम्या ऐकून माणसं दारं लावून घ्यायची. गावोगाव रस्त्यावर काटेरी झुडपांच्या काट्या टाकल्या, आम्हीही टाकल्या. आळीपाळीनं पहारा. गावकीनं, म्हणजे गावातल्या कर्त्या माणसांनी, देवळात बसून ठरवलं: बाहेरचा माणूस आत घ्यायचा नाही. आपला कुणी आलाच तर शाळेत ठेवायचा. जो कुणाला चोरून घरात घेईल तो वाळीत. गिरणीत दळण नाही, लावणीला माणूस नाही, लग्नाला-मयताला कुणी दारात यायचं नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, मला माहीत आहे. पण कायदा काही दळण दळून देत नाही.

वहिनीला त्यातली शेवटची गोष्ट झोंबणारी होती. सुनीताचं लग्न पोलादपूरकडच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं. सुपारी फुटली होती, टाळेबंदीमुळे लग्न तेवढं लांबलं होतं. सुनीता तिकडेच मावशीकडे अडकली होती. वाळीत पडलेल्या घरची पोर कोण करून घेतो?

अशात एका सकाळी काट्यांपाशी सामाजीभाऊ येऊन उभे राहिले. भाजीच्या टेम्पोत बसून हायवेपर्यंत आले होते, तिथून चालत. ठाण्याला एकटेच राहायचे, स्वयंपाकाची बाई यायची बंद झाली, सोसायटीनं जिना बंद केला, म्हातारा माणूस गावाकडे निघाला. हातात पिशवी, तोंडाला रुमाल, उन्हानं चेहरा लाल. पहाऱ्यावर गावकीचा अध्यक्ष बाळूशेट स्वतः होता. खडीचा धंदा, आवाजही खडीसारखाच. मी लांबून बघत होतो.

"तुमचं इथं कोण हाय?" बाळूशेटनं विचारलं.

"माझं घर आहे की, बाळू."

"घर हाय. माणूस कोण हाय?"

बाळूशेटचा स्वतःचा पोरगा तेव्हा मुंबईहून गाडी करून आलेला शाळेत होता. पण तो 'आपला' होता. पहाऱ्यावरचे सगळे भाऊंना म्हणाले, परत जा. कुणीतरी पाण्याची बाटली काठीच्या टोकाला अडकवून दिली, तेवढी माणुसकी झाली. भाऊ वळले आणि रस्त्यानं परत चालू लागले. वहिनी तेव्हा टोपली घेऊन खाडीकडे निघाली होती. तिनं एकदा बघितलं, आणि काही न बोलता निघून गेली. मी मनात म्हटलं, बघा, किल्ली सांभाळणारी!

त्यानंतर आठवडाभरात मला वास येऊ लागला. म्हणजे नेमकं सांगायचं तर वास येईनासा झाला. वहिनीच्या घरून चिंबोऱ्यांचा वास बंद.

बाजार बंद, माल विकला जात नव्हता, म्हणजे उलट तिनं रोज खायला हव्या होत्या. रोज टोपली भरून आणत होती. मग जात होत्या कुठे? एके दिवशी ती आमच्या दारात आली आणि चांगल्या मोठ्या, दोन्ही नांग्या शाबूत असलेल्या चिंबोऱ्या मंडळीच्या पुढ्यात टाकल्या. "घ्या गो. उरल्या."

मंडळी हरखली. मी घाबरलो. भागीवहिनी फुकट चिंबोऱ्या देते म्हणजे एक तर तिला वेड लागलंय, नाही तर ती कशाला तरी आमचं तोंड बंद करतेय.

मी नजर ठेवली. मला तेवढंच काम होतं. तर दिसलं असं, की बाई चिंबोऱ्या भोयांना देऊन बदल्यात बोय मासा घेते. भोयानं फुकट दिलेली शिंगटी परत करते! शिंगटी म्हणजे तिचा जीव की प्राण. परसात माडाच्या बुंध्याशी खवल्यांचा ढीग. एका बाईला एवढे मासे? चूल पेटायची तीही वेळीअवेळी. त्यात दुकानदार मला म्हणाला, "कंडक्टर, भागीबायनं काळ्या मनुका मागवल्या. गूळ पण नेला." गूळ, काळ्या मनुका आणि अवेळी धूर. यातून काय निघतं ते कुणीही सांगेल. आळीत कुजबूज सुरू झाली की भागी दारू पाडते. दुसरी कुजबूज त्याहून वाईट होती. विधवा बाई, लेक घरात नाही, दोघांचं शिजवते. कुणाला तरी ठेवलाय.

मी काडेपेटी मागायच्या निमित्तानं तिच्या दारात गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं. आत भिंतीवर टकटक झाली. हलकीच, काठीनं केल्यासारखी.

"काय वाजलं, वहिनी?"

"घूस हाय."

"पलीकडून वाजलं."

"मग पलीकडची घूस हाय. शेजारचं घर बंद हाय, घुशींचंच राज्य." आणि काडेपेटी माझ्या हातावर आपटून तिनं दार लावून घेतलं. तेच तोंड, तीच न हलणारी रेघ. मला गाडीतली चिंबोरी आठवली.

घरी आलो आणि ओटीवर बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. खवले! आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट. शनवार तेल्यांकडे चिंबोरी चालत नाही, कोलंबी चालत नाही, शिंगटी चालत नाही. ज्याला खवला आणि पोहायचा पर असेल तोच मासा. लहानपणी आम्ही त्यांच्या पोरांना चिंबोरी दाखवून पळवायचो. आणि काळ्या मनुका? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून ते मनुकांचं सरबत घेतात, देवाचं नाव घेऊन. मी चटकन बघितलं, भाऊंच्या घराला बाहेरून कुलूप होतं. गंजलेलं, जसंच्या तसं.

बाईनं म्हाताऱ्याला त्याच्याच घरात लपवला होता.

मी कुणाला बोललो नाही. मोठेपणा नको, पक्का पुरावा हातात येईपर्यंत कंडक्टर पावती फाडत नाही एवढंच. शिवाय आमच्या घरी रोज चिंबोऱ्या येत होत्या.

कसं आणलं ते पुढे कळलं. रस्त्यावर काट्या होत्या, खाडीला कुठे होत्या? भाऊ हायवेच्या कडेला झाडाखाली बसले होते. वहिनी कांदळवनातून तिकडे गेली आणि भर दुपारी, सगळी आळी घोरत असताना, ओहोटीच्या चिखलातून, खारबांधाच्या आडोशानं त्यांना मागच्या दारी आणलं. डोक्यावर चिंबोऱ्यांची टोपली दिली होती, म्हणजे लांबून कुणी बघितलं तर भोयातला कुणी वाटावा. भाऊ मला नंतर म्हणाले, "कंडक्टर, मी जन्मात चिंबोरीला शिवलो नव्हतो. त्या दिवशी डोक्यावर घेतल्या."

घरात घेतलं म्हणजे कसं? तर तिनं भिंतीतला कोनाडा उकरून मोकळा केला. जेवण त्यातून. आधी पळीनं टकटक करायची, आपण मागे सरायचं, मग भाऊंनी ताट घ्यायचं. दोन आठवडे तिनं त्यांचं तोंड पाहिलं नाही. तिकडे शाळेत बाळूशेटचा पोरगा खिडकीतून पत्ते वाटत होता आणि अर्धं गाव व्हरांड्यात डाव टाकून बसलं होतं. पण रोग पसरवायचा धोका कुणाचा, तर सामाजीभाऊंचा!

आणि चिंबोऱ्या का बंद? मी तिला पुढे विचारलं. म्हणाली, "माझ्याकडं मोठं भांडं एकच हाय. त्यात चिंबोरी शिजवली तर त्याला कशात देऊ?" भाऊ म्हणाले होते, भागी, अडचणीच्या वेळी देव एवढं बघत नाही. ती म्हणाली होती, "तुमचा देव बघत नसंल. मी बघत्ये."

भाऊ त्या कोनाड्यातून तिला गोष्टी सांगायचे. एकदा त्यांनी परदेशातल्या त्या मोठ्या युद्धाची गोष्ट सांगितली. परक्या सैन्यानं देशच्या देश ताब्यात घेतले, यहुद्यांना हुडकून न्यायला लागले, आणि तिथल्या साध्यासुध्या माणसांनी, कुणी शेतकरी, कुणी बेकरीवाला, शेजाऱ्यांना माळ्यावर, गोठ्यात, भिंतीच्या मागे वर्षानुवर्षं लपवलं. सापडले तर लपवणाऱ्यालाही गोळी. भाऊंना वाटलं, बाई डोळ्यांना पदर लावील. बाईनं विचारलं, "भांडी कधी घासायची?"

"काय?"

"दोघांच्या घरात दहा माणसांची भांडी व्हायची ना? शेजारणीला दिसत नसतील? आणि धुराचं काय करायच्या त्या बाया? खोकला आला तर?"

भाऊंना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, पुस्तकात एवढं दिलेलं नाही. वहिनी म्हणाली, "मग लिहिणाऱ्यानं कुणाला लपवलेलं नाय." जरा वेळानं म्हणाली, "त्यांच्याकडं पण गावकी होती म्हणायची." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं भांडी परसात घासायची बंद केली, घरातच घासू लागली. म्हणजे त्या लांबच्या बायकांकडून ती काही शिकली की तिला आपलं आपणच सुचलं, देव जाणे.

पण कुजबूज कुठे थांबते? मनुका आणि गूळ देवळापर्यंत पोचले. एका संध्याकाळी, उजेड असतानाच, गावकी बसली आणि वहिनीला बोलावणं आलं. आम्ही सगळे होतो, तोंडाला फडकी बांधून लांब लांब बसलेले. आमच्याकडे संशयाचा निकाल लावायची एक जुनी रीत आहे. देवीपुढे नारळ ठेवायचा, त्यावर हात ठेवून बोलायचं. खोटं बोलशील तर देवी बघून घेईल. आमच्या गावात सातबाऱ्यावर खोटं बोलतात, कोर्टात बोलतात, बायकोशी तर रोजच बोलतात. त्या नारळावर बोलत नाहीत.

बाळूशेट म्हणाला, "भागी, हात ठेव आणि सांग. घरात दारू पाडत्येस काय?"

वहिनीनं हात ठेवला. "नाय."

माणसं हलली, सुटल्यासारखी. तिथेच उठले असते. पण बाळूशेटला मनुका पचत नव्हत्या. "आणि सांग, कुणाला चोरून ठेवलेला नाय."

मी तिच्याकडे बघत होतो. माझी खात्री होती, आता ती तेच तोंड करणार. 'नाय' म्हणणार, आणि खिडकीबाहेर बघितल्यासारखी देवीकडे बघणार. मला माहीत होतं तिला किती छान येतं ते. सुनीताचं लग्न त्या एका शब्दावर होतं. म्हणून टाक गो बाय, मी मनात म्हटलं. नारळ काय, बाजारात ढिगानं मिळतात!

तिनं नारळावरचा हात काढला.

"हाय," ती म्हणाली. "सामाजीभाऊ हाय. माझ्या घरात नाय, त्याच्या घरात हाय. कुलूप मी घातलंय."

एकदम कल्लोळ उठला. कोण म्हणतो रोग आणला, कोण म्हणतो गावाला फसवलं. बाळूशेट ओरडला, "तो आपल्या गावचा हाय काय?"

वहिनीचा आवाज चढला नाही. ती देवीपुढच्या समईकडे बोट करून म्हणाली, "त्याच्या आज्याच्या घाण्याचं तेल तुझ्या आज्यानं ह्या दिव्यात घातलं. शनवारी घाणा बंद, म्हणून शुक्रवारीच दोन दिवसांचं आणून ठेवायचा तो. देवीचा दिवा कधी विझला नाय. तेव्हा इचारलंत काय, कुठल्या गावचा?"

मग तिनं गळ्यातला काळा दोरा तोडला आणि किल्ली नारळाशेजारी ठेवली. "ही घ्या. उघडा. त्याला त्याच्या घरातनं काढायचा असंल तर ज्याला काढायचाय त्यानं उचला. मी नाय उचलणार."

किल्ली तिथे पडून होती. बाळूशेटनं माझ्याकडे बघितलं, मी समईकडे बघितलं. एकेक जण आपापल्या पायाकडे, छपराकडे, देवीकडे बघत होता. किल्लीकडे कुणी हात केला नाही. शेवटी वहिनीनंच ती उचलली आणि लुगड्याच्या केळात खोचली. "मग जात्ये," म्हणाली. "त्याची जेवायची वेळ झाली."

भाऊंना कुणी हात लावला नाही, पण वहिनीला वाळीत टाकलं. ते सोपं होतं, त्यात कुणाला किल्ली उचलावी लागत नव्हती. गिरणीत दळण बंद. लावणीला कुणी आलं नाही. ती आणि सामाजीभाऊ, ऐंशीला टेकलेला माणूस, दोघं चिखलात वाकून रोपं खोचताना मी पाहिली. भाऊंच्या ओळी वाकड्या जायच्या आणि ती मागून ओरडायची. आमची मंडळी मागच्या दारानं तिचं दळण आपल्यात मिसळून नेत होती. मी बघितलं नाही. मी पुढच्या ओटीवर असायचो.

सुनीताचं लग्न मोडलं. पोलादपूरकडून निरोप आला, तोही मावशीच्या फोनवर, वहिनीला सांगायचं धाडससुद्धा त्यांना झालं नाही. वहिनी म्हणाली, "बरं झालं. आधी कळलं." पण सुनीताला बरं वाटलं नाही. ती पुढे किती तरी दिवस आईशी बोलत नव्हती. "तो म्हातारा तुझा कोण लागतो गो?" असं तिनं त्याआधी फोनवर विचारल्याचं अख्ख्या आळीनं ऐकलं, कारण वहिनीला कानाला फोन लावायचा संशय, ती तो लांब धरून मोठ्यानं ऐकायची. तिनं उत्तर दिलं, "शेजारी लागतो." सुनीताचं लग्न उशिरा झालं, दुसरीकडे झालं. सुखात आहे. तरी तो सल माय-लेकीत शेवटपर्यंत होता, तो नव्हता असं मी म्हणणार नाही.

गाड्या सुरू झाल्यावर भाऊंच्या मुलानं तिकडून ठाण्याच्या नातेवाइकांना सांगून गाडी पाठवली. आदल्या दिवसापर्यंत भाऊ सवयीनं मागच्या दारानंच ये-जा करत होते. त्या सकाळी वहिनी पुढच्या दाराशी आली, सगळ्या आळीच्या देखत कुलूप काढलं, गंजल्यामुळे ते निघेना, तर दगड घालून काढलं, आणि दारं सताड उघडली.

"पुढच्या दारानं जावा, सामाजीभाऊ. आपलंच घर हाय."

भाऊ बाहेर आले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी दाराच्या चौकटीला बोटं लावून ओठांना लावली, त्यांच्यात करतात तशी. वहिनीकडे वळून काहीतरी म्हणायला लागले. ती म्हणाली, "गाडीवाला खोळंबलाय," आणि झाडू घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी कितीक महिन्यांनी आळीत चिंबोऱ्यांचा वास सुटला. भाजलं खोबरं, आलं-लसूण, सगळा थाट. मंडळी म्हणाली, "आज देईल हो वाटीभर." रात्र झाली तरी एक नांगी आली नाही. मी ओळखलं, सगळं पूर्वीसारखं झालं.

वाळीत टाकलेलं कुणी उठवलं असं नाही, ते आपोआप झिजलं. गणपतीत बाळूशेटकडे पाहुणे आले आणि त्यांना चिंबोऱ्या हव्या झाल्या, तिथून सुरुवात झाली. पुढे सामाजीभाऊ ठाण्याला वारले. फोन आला तेव्हा वहिनी रडलीबिडली नाही. नवं कुलूप काढून त्यांचं घर झाडलं, शेणानं सारवलं, त्या कोनाड्यात दिवा ठेवला आणि पुन्हा कुलूप घातलं. कोनाडा मात्र तिनं परत लिंपला नाही.

या मार्गशीर्षात ती गेली. शेवटी महाडच्या दवाखान्यात होती. डोक्यात रक्त साकळलं होतं, माणसं ओळखायची आणि सोडायची. मी गेलो तेव्हा मंडळीनं डब्यात चिंबोऱ्यांचा रस्सा दिला होता. म्हटलं, आयुष्यभर हिनं दिला नाही, आपण देऊ. सुनीता चहाला बाहेर गेली होती. मी डबा उघडला. वास लागल्याबरोबर वहिनीनं डोळे उघडले, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हातानं डबा लांब सारला.

"नको," म्हणाली. "भांडं एकच हाय."

"वहिनी, हे आमच्या घरचं भांडं."

"तुला कुणी पाठवला? बाळूनं?" तिच्या डोळ्यांत तो जुना, ओळखीचा संशय होता. दुसऱ्या कशानंही मला एवढं बरं वाटलं नसतं. मग तिनं खाटेशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान लावून थांबली. पुन्हा टकटक केली. चेहरा कासावीस झाला. "बोलत नाय," ती पुटपुटली. "सकाळपासनं बोलत नाय गो तो."

मी डबा झाकला. उठलो, व्हरांड्यात गेलो. भिंतीच्या त्या बाजूला औषधांच्या खोक्यांची थप्पी होती. ती बाजूला केली आणि अदमासानं तिची खाट जिथे असेल तिथे भिंतीवर बोटानं टकटक केली. एक नर्स माझ्याकडे बघत उभी राहिली. राहू दे.

परत आत आलो तेव्हा तिचा चेहरा निवला होता. मी विचारलं, "काय वाजलं, वहिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेच तोंड, रेघ हलली नाही.

"घूस हाय," ती म्हणाली. "शेजारचं घर बंद हाय."